पेटी गावाला जाते तेव्हा : ग्रामीण वाचनालयांचे कार्यक्रम आणि आपली शाळा





विश्वस्त मंडळाच्या मागील बैठकीत एक प्रश्न आला, तो रास्त होता. वाचनालयाच्या खोलीत शाळा सुटल्यानंतर चार-दोन मुलांपलीकडे कोणी दिसत नाही, मग ती खोली स्मार्ट क्लाससाठी का देऊ नये? निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. त्याआधी या अंकात मी या विषयाची थोडी माहिती आपल्यापुढे ठेवते. खोली राहावी असे माझे मत आहे, ते लपवून ठेवत नाही. पण मताला आधार हवा, आणि सुदैवाने तो आधार आपल्याच गावात, मांडवीपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभा आहे.

मुलांची संख्या कमी का, याचे कारण पुस्तकांत नसून वेळापत्रकात आहे. आपले वाचनालय शाळा सुटल्यावर उघडते. शहरातली मुले त्या वेळी शिकवणीला पळतात. पादरा, वाघोडिया, डभोई या बाजूंच्या गावांतून येणारी मुले शाळा सुटताच बसमध्ये बसतात, कारण बस कोणासाठी थांबत नाही. म्हणजे ज्या मुलांच्या गावात मराठी पुस्तक मिळण्याची दुसरी सोयच नाही, नेमकी तीच मुले आपल्या कपाटापर्यंत पोचू शकत नाहीत. ही अडचण आपण शोधून काढलेली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन अगदी वेगळ्या प्रदेशांतल्या लोकांनी ती ओळखली आणि सोडवली, आणि त्या दोहोंचा एकमेकांशी संबंधही आला.

पहिला प्रदेश अमेरिकेचा. तिथे 'काउंटी' नावाचा एक प्रशासकीय भाग असतो. कारभाराच्या दृष्टीने तो आपल्या जिल्ह्यासारखा, पण ग्रामीण भागातली काउंटी लोकसंख्येने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी किंवा त्याहूनही लहान भरते. मध्ये एक छोटे शहर, भोवती शेते, आणि एकमेकांपासून मैलभर दूर असलेली घरे. शहरात वाचनालय असे, पण शेतकऱ्याच्या मुलाला त्याचा उपयोग नसे. ओहायो राज्यातल्या व्हॅन वर्ट या गावचे एक बँकर, जॉन सॅनफर्ड ब्रमबॅक, १८९७ साली वारले. त्यांनी मृत्युपत्रात वाचनालयासाठी पैसे ठेवले होते, आणि ते वाचनालय एकट्या शहराचे नसून सगळ्या काउंटीचे असावे अशी योजना झाली. इमारत देणगीतून उभी राहिली, चालवण्याचा खर्च मात्र काउंटीच्या करातून. १९०१ मध्ये ते सुरू झाले, आणि अमेरिकेतले पहिले काउंटी वाचनालय म्हणून त्याची नोंद होते. देणगीदाराने इमारत द्यायची आणि चालवण्याची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यायची, हा मुद्दा विश्वस्तांनी लक्षात ठेवावा अशी विनंती. इमारती आपल्याकडेही पुष्कळ उभ्या राहतात. त्या चालवायच्या कोणी, हे ठरलेले नसते.

त्याच १९०१ साली मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउन गावी वॉशिंग्टन काउंटीचे वाचनालय उघडले. तिथल्या ग्रंथपाल होत्या मेरी टिटकॉम्ब. या बाईंनी आधी काय केले, तर सुमारे तीस पुस्तके मावतील अशा लाकडी पेट्या करून घेतल्या आणि त्या गावोगावच्या वाण्याच्या दुकानात, टपाल कचेरीत, कुणाच्या घरी ठेवल्या. दुकानदार मीठ-साखर देता देता पुस्तकही देई आणि वहीत नोंद करी. ठरावीक काळाने पेटी बदलली जाई. काही वर्षांत अशी साठाहून अधिक ठिकाणे झाली. तरीही टिटकॉम्बबाईंच्या लक्षात आले की जो शेतकरी दुकानापर्यंतही क्वचित येतो, तो राहूनच गेला. म्हणून १९०५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दोन घोड्यांची एक गाडी बनवून घेतली. दोन्ही बाजूंना बाहेर उघडणाऱ्या फळ्या, त्यांवर दोनशेएक पुस्तके, मध्ये पेट्या ठेवायला जागा. वाचनालयाचे सेवक जोशुआ थॉमस ती हाकत. रस्ता न् रस्ता त्यांच्या परिचयाचा होता.

या गाडीची एक गंमत सांगितली जाते. गाडी काळपट रंगाची होती. एका शेतकऱ्याला ती शववाहिनी वाटली आणि त्याने दारातूनच ओरडून सांगितले की इथे थांबू नका, आमच्याकडे कोणी गेलेले नाही. मग चाके आणि दारे लाल रंगवली गेली! मुलांना ही गोष्ट सांगितली की ती हसतात, पण मोठ्यांनी तिच्यातून एक व्यवहार शिकावा. चांगली वस्तू दारात आली तरी ती काय आहे हे लांबून कळले पाहिजे. आपल्या वाचनालयाच्या दारावर आजही साधी पाटी नाही. १९१० साली रेल्वे फाटकावर मालगाडीने त्या पुस्तकगाडीला धडक दिली आणि गाडीचा चुराडा झाला. काम काही काळ थांबले, आणि १९१२ मध्ये मोटारगाडी घेऊन पुन्हा सुरू झाले. अमेरिकेतल्या फिरत्या वाचनालयांची सुरुवात याच गाडीपासून धरतात.

आता आजच्या ग्रामीण काउंटीकडे येऊ. तिथले वाचनालय दर महिन्याला एक पत्रक काढते, 'येत्या महिन्याचे कार्यक्रम'. ते टपाल कचेरीत, किराणा दुकानात, पशुखाद्याच्या दुकानात, चर्चच्या फलकावर लागते. साधा एक कागद, पण मला तो फार शिकवणारा वाटतो. त्यात काय असते? आठवड्यातल्या एका ठरलेल्या सकाळी शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांसाठी गोष्टींचा तास, ज्यात आई किंवा आजी मुलाला मांडीवर घेऊन बसते. फिरती गाडी कोणत्या दिवशी कोणत्या फाट्यावर किती वाजता अर्धा तास उभी राहील, याचा तक्ता. जुन्या पुस्तकांची विक्री, जी 'वाचनालयाचे मित्र' म्हणवणारी स्वयंसेवक मंडळी चालवतात आणि मिळालेले पैसे वाचनालयाला देतात. एप्रिलच्या मध्याला आयकराचे विवरणपत्र भरायचे असते, म्हणून फेब्रुवारीपासून वृद्धांना ते भरून देण्याची मदत. काही ठिकाणी बियाण्यांचे कपाटसुद्धा असते. वसंत ऋतूत टोमॅटोचे, घेवड्याचे बी घेऊन जायचे, आणि पीक आले की जमल्यास थोडे बी परत आणून द्यायचे. शेतकऱ्याच्या गावात वाचनालय असावे तर असे, नाही का?

कोणी म्हणेल, बियाणे आणि आयकर यांचा पुस्तकाशी काय संबंध? संबंध असा की माणूस प्रथम आपल्या कामासाठी आत येतो. एकदा उंबरठा ओलांडला की दुसऱ्या वेळी परकेपणा वाटत नाही. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातल्या माणसाला वाचनालयात पाऊल टाकताना संकोच होतो. आपल्याला कोणी काही विचारील आणि उत्तर येणार नाही, अशी भीती असते. कार्यक्रमाने ती भीती जाते. शिवाय कार्यक्रमाला तारीख असते. पुस्तक कपाटात कायम असते, म्हणून ते 'उद्या घेऊ' यात राहून जाते. तारीख असलेली गोष्ट राहून जात नाही.

या सर्वांत सर्वाधिक विचारपूर्वक आखलेला कार्यक्रम म्हणजे उन्हाळी सुट्टीतील वाचन. अमेरिकेत जून ते ऑगस्ट शाळा बंद असतात. दीर्घ सुट्टीत मुलांचे वाचन मागे पडते आणि ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत त्यांचे अधिक मागे पडते, हा शिक्षकांचा सर्वत्र अनुभव आहे. म्हणून जूनमध्ये वाचनालय प्रत्येक मुलाला एक कार्ड देते. मूल वाचलेली पुस्तके किंवा मिनिटे त्यावर नोंदवते, मधून मधून जादूचे प्रयोग, साप-पक्ष्यांची ओळख, प्रयोगशाळेतले खेळ असे कार्यक्रम होतात, शेवटी लहानसे बक्षीस. बक्षीस बहुधा पुस्तकच. स्पर्धा मात्र नसते. पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत, ज्याने ठरवले तेवढे वाचले तो यशस्वी. आपल्या वाचन स्पर्धांत हुशार मुलेच भाग घेतात आणि उरलेली टाळ्या वाजवतात, त्यापेक्षा मला ही रीत बरी वाटते.

टेनेसी राज्यात सेव्हियर काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे जन्मलेल्या गायिका डॉली पार्टन यांच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९९५ साली त्यांनी आपल्या काउंटीतल्या प्रत्येक बालकाला जन्मापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दरमहा एक पुस्तक टपालाने पाठवण्याची योजना सुरू केली. पुस्तक मुलाच्या नावावर येते. पाकिटावर स्वतःचे नाव, आणि आत पुस्तक! ही योजना पुढे देशभर आणि इतर देशांतही पसरली. दोन वर्षांच्या मुलाला काय कळते, असे विचारणाऱ्यांनी त्या मुलाच्या हातातून ते पुस्तक काढून घेऊन पाहावे.

आता आपल्या वडोद्याकडे वळू, कारण इथेच तो संबंध येतो.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिले आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात लागू केले. हे आपण शाळेत शिकवतो. पण त्यापुढचा विचार क्वचित शिकवला जातो. महाराजांच्या लक्षात आले होते की गावातले मूल चौथी शिकून शेतावर गेले की चार वर्षांत अक्षर विसरते, कारण शाळा सोडल्यानंतर त्याच्यासमोर छापलेला कागद येतच नाही. म्हणजे शाळेवर केलेला खर्च वाया. शिकलेले टिकवायचे तर गावात वाचनालय हवे. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले तेव्हा तिथली सार्वजनिक वाचनालये त्यांनी पाहिली, आणि १९१० मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन इथले ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डेन यांना वडोद्याला बोलावून घेतले. बोर्डेन १९१३ पर्यंत इथे होते. राज्याचे स्वतंत्र ग्रंथालय खाते निघाले. महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातला आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा खाजगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, तो भारतातला पहिला. ज्या इमारतीत ते ग्रंथालय आज आहे ती १९३१ ची. तिच्यातल्या लोखंडी मांडण्या आणि प्रकाश खालपर्यंत यावा म्हणून केलेली काचेची जमीन पाहायला मुलांना अवश्य न्यावे. मुले काचेवर पाय ठेवायला आधी घाबरतात, मग उड्या मारू लागतात, तेवढे सांभाळावे.

पण इमारत शहरात. गावांचे काय? इथे राज्याने दोन गोष्टी केल्या.

एक, खर्चाचा नियम. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच रक्कम राज्याने द्यावी आणि तेवढीच प्रांत पंचायतीने, अशी तीन भागांची वाटणी होती. गाव, शहर आणि प्रांत यांना वेगवेगळी कमाल मर्यादा होती. नियमाचे मर्म असे की गावाने स्वतः काही घातल्याशिवाय वरून काही येत नाही, आणि गावाने घातले तर येतेच. वाचनालय सरकारचे असूनही गावाला आपले वाटण्याचे ते कारण. पुष्कळ ठिकाणी शाळामास्तरच ग्रंथपाल असत, आणि वाचनालय शाळेत, धर्मशाळेत किंवा चावडीवर भरे. या कामी पायाला भिंगरी लावून हिंडलेले गृहस्थ म्हणजे मोतीभाई अमीन. त्यांनी राज्याचे खाते निघण्याआधीच, १९०६ पासून, मित्रमंडळे स्थापून गावोगाव वाचनालये काढायला सुरुवात केली होती, आणि पुढे ते या खात्याच्या कामात सामील झाले. गुजरातमधल्या ग्रंथालय चळवळीत त्यांचे नाव आजही आदराने घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे फिरती पेटी. ज्या गावात वाचनालयच नाही, किंवा आहे पण पुस्तके वाचून संपली आहेत, तिथे मध्यवर्ती ग्रंथालयातून मजबूत लाकडी पेटी जाई. तिच्यात पंधरा ते तीस पुस्तके. गावातल्या एका जबाबदार माणसाकडे ती सोपवायची, साधारण तीन महिने ठेवायची आणि परत पाठवायची, की दुसरी येई. जाण्या-येण्याचे भाडे राज्य भरी, वाचकाला काही द्यावे लागत नसे. पेटीचे मोठे गुण दोन. ती बदलते, म्हणून कंटाळा येत नाही. आणि ती परत जाते, म्हणून पुस्तके धूळ खात पडत नाहीत. शंभर पुस्तकांचे कायमचे कपाट एका वर्षात जुने होते. पंचवीस पुस्तकांची चार पेट्यांची फेरी वर्षभर ताजी राहते. पुस्तके तितकीच.

यापुढचा भाग मला सर्वात विलक्षण वाटतो. त्या काळी गावातली बहुसंख्य माणसे निरक्षर होती. वाचता न येणाऱ्याला वाचनालयाचा काय उपयोग? म्हणून खात्यात एक दृश्यशिक्षण शाखा निघाली. मॅजिक लँटर्न म्हणजे काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवणारे यंत्र, आणि पुढे चलच्चित्रे दाखवणारे यंत्र, असे साहित्य घेऊन माणसे गावोगाव जात आणि रात्री चावडीसमोर विनामूल्य कार्यक्रम करीत. आरोग्य, शेती, दूरदूरचे देश. शहरात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी ग्रंथालयाचे वेगळे विभाग होते, आणि मुलांच्या विभागात खेळही ठेवलेले होते. म्हणजे ग्रामीण काउंटीच्या पत्रकात आज जे दिसते, ठरलेल्या दिवशी येणारे पुस्तक, लहानांसाठी वेगळी वेळ, न वाचणाऱ्यांसाठी पाहण्याचा कार्यक्रम, त्याचे मूळ स्वरूप आपल्या राज्यात सुमारे शंभर वर्षांपूर्वी चालू होते.

यात मराठी माणसांचा वाटाही मोठा आहे. बोर्डेन यांच्यानंतर ग्रंथालयांचे क्युरेटर झालेले जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे सर्व काम नेटाने पुढे नेले आणि १९१९ मध्ये या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे जे नियतकालिक वडोद्यातून निघे, त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन भाषांचे विभाग होते. हे मी मुद्दाम सांगते. माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले, मराठी मी घरी बोलले आणि पुढे वाचून शिकले. त्यामुळे 'मराठी शाळेच्या वाचनालयात मराठीच पुस्तके हवीत' हा आग्रह मला पटत नाही. आपल्या मुलांच्या गावातले सवंगडी गुजराती आहेत. पेटीत गुजराती आणि हिंदी पुस्तके असतील तर ती उघडली जाईल, आणि उघडली गेली तर मराठी पुस्तकही हाताला लागेल. नुसत्या मराठीची पेटी एका घरात बंद पडून राहील.

पेटीची कल्पना पुढे इतरत्रही अनेक रूपांत आली. डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये तमिळनाडूतल्या मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचे वाचनालय निघाले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. तिच्यात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी गटागटांत अदलाबदल होते. ती महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही गेली. साताऱ्याजवळच्या भिलार गावात २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडून अख्खे गावच वाचनालय झाले आहे. कधी सहल महाबळेश्वर-पाचगणीला गेली तर तिथे अवश्य थांबावे.

असो. आता आपल्या शाळेचे.

आम्ही शिक्षकांनी मिळून एक आराखडा केला आहे, तो विश्वस्तांपुढे ठेवायचा आहे. बसचे जे मार्ग आहेत त्यांच्या शेवटच्या टोकाला एकेक पेटी ठेवावी. लाकडाची केली तर जड होते आणि बसमध्ये चढवता येत नाही, म्हणून पत्र्याची साधी ट्रंक बरी. पुस्तके पंचवीस. दहा मराठी, दहा गुजराती, पाच हिंदी. त्यांपैकी निम्मी तरी चित्रांची किंवा मोठ्या अक्षरांची, कारण ती लहान भावंडे पाहतात आणि चष्म्याचा नंबर वाढलेले आजोबाही. झाकणाच्या आतल्या बाजूला पुस्तकांची यादी चिकटवायची, म्हणजे मोजणी सोपी. सोबत एक वही आणि दोरीने बांधलेले पेन. पेन बांधले नाही तर ते पहिल्या आठवड्यातच नाहीसे होते, हा सर्व शाळांचा अनुभव! एका मार्गावर पेटी दोन महिने राहील, मग पुढच्या मार्गावर जाईल.

पेटी गावातल्या एका घरी राहील. त्या घराने दर आठवड्यात एक ठरलेला वार आणि ठरलेला एक तास पेटी ओसरीवर उघडून ठेवायची, एवढेच काम. शाळेतल्या मुलांनाच पुस्तक द्यायचे असे नाही, गावातल्या कोणालाही द्यावे. पुस्तक फाटले किंवा हरवले तर दंड नाही. दंडाच्या भीतीने पुस्तक न नेणारी मुले हरवलेल्या पुस्तकांपेक्षा महाग पडतात. यावर आमच्यात मतभेद झाले, काही शिक्षकांना दंड हवा होता. पहिले वर्ष विनादंड करून पाहावे असे ठरले आहे.

महिन्यातून एका शनिवारी शाळेतून एक शिक्षक आणि वरच्या वर्गातली दोन मुले त्या गावी जातील. पाऊण तास गोष्ट सांगणे, पंधरा मिनिटे पुस्तकांची अदलाबदल. आजी-आजोबांना आग्रहाने बोलवायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी गोष्ट सांगायची आणि मुलांनी ती लिहून घ्यायची, असाही एक शनिवार ठेवला आहे. नववीच्या मुलांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. शाळेच्या प्रोजेक्टरवर पक्ष्यांची, किल्ल्यांची, सौरमंडलाची चित्रे दाखवण्याचा कार्यक्रमही गावात करता येईल, म्हणजे मॅजिक लँटर्नची ही नवी आवृत्ती. स्मार्ट क्लासला माझा विरोध नाही, हे यावरून लक्षात यावे. स्मार्ट क्लास हवा. तो वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या खोलीत, आठवड्याचे तास वाटून घेऊन बसवता येतो का, हे तपासण्याची विनंती मी मंडळाला करणार आहे. वाचनालयाची खोली मात्र पेट्या भरण्या-बदलण्याची जागा म्हणून लागेलच. आणि ती शाळा सुटल्यावर न उघडता मधल्या सुट्टीत उघडावी, म्हणजे बसची मुलेही आत येतील. यासाठी पैसा लागत नाही. शिक्षकांनी पाळीपाळीने डबा तिथे खायचा, एवढेच.

पैशाबाबत वडोदा राज्याचा नियमच घ्यावा असे सुचवते. गावातल्या पालकांनी मिळून जेवढी रक्कम जमवावी तेवढी विश्वस्त मंडळाने घालावी आणि तेवढी माजी विद्यार्थ्यांनी. पालकांची रक्कम लहान असली तरी चालेल, पण शून्य नसावी. जुनी पुस्तके देणगी म्हणून जरूर स्वीकारू. मात्र मागच्या वर्षीची पाठ्यपुस्तके, गाइडे आणि पाने सुटलेली मासिके कृपया देऊ नयेत. मुलाला देण्याआधी आपण स्वतः ते पुस्तक वाचले असते का, एवढे पाहावे.

तारखांविषयी थोडे. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो, पण तो पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या आगेमागे येतो, आणि शाळेत साजरा करायला मुलेच नसतात. म्हणून आमचा विचार असा की मंडळाची संमती मिळाल्यास पहिली पेटी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारीच गावाला पोचावी. सुट्टीचे तीन आठवडे मुले घरी, शिकवणी बंद, आणि पेटी ओसरीवर. वाचनाला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. दिवाळी अंक हातात आले की त्यांतले मुलांचे अंक पेटीत घालू. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम या वर्षी शाळेच्या सभागृहाऐवजी ज्या गावी पेटी असेल त्या गावी करावा, असा प्रस्ताव आहे. सभागृहातल्या कार्यक्रमाला तेच पालक येतात जे नेहमी येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी सर्व पेट्या एकाच वेळी बाहेर पाठवू आणि प्रत्येक मुलाला नोंदीचे कार्ड देऊ. क्रमांक काढणार नाही.

दरमहा शेवटच्या आठवड्यात 'येत्या महिन्याचे कार्यक्रम' असे एक पानी पत्रक मुलांच्या दप्तरातून घरी येईल. मोबाइलवरच्या गटातही ते पाठवू, पण कागद बंद करणार नाही, कारण तो भिंतीवर लागतो आणि शेजारीही वाचतात. पालकांनी त्यातला एक गावच्या दूध मंडळीच्या फलकावर लावावा. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला सगळे गाव तिथे येते.

ज्या पालकांना आपल्या घरी पेटी ठेवता येईल त्यांनी वर्गशिक्षकांकडे चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर गावाचे नाव, पेटी सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव, सोयीचा वार आणि वेळ, आणि घरी कोणत्या भाषांतली पुस्तके वाचली जातील, एवढे लिहावे. घर मोठे असण्याची गरज नाही, ओसरीवर सावली असली आणि कुत्रे बांधलेले असले की पुरे. एका मार्गावरून एकाहून अधिक नावे आली तर दोन-दोन महिन्यांची पाळी ठरवू. विश्वस्तांच्या पुढील बैठकीपूर्वी जेवढ्या चिठ्ठ्या येतील तेवढ्या मी मंडळापुढे ठेवीन.

आपली,
मुख्याध्यापिका